थंडीतला विनॉक्सी मेम्ब्रेन संच : निफाड परिसरातील वसतिगृहाच्या सांडपाण्यावरील प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

मुलींच्या वसतिगृहाचे सांडपाणी विनॉक्सी, म्हणजे ऑक्सिजनविना जगणाऱ्या जीवाणूंकडून पचवून मेम्ब्रेनमधून गाळणारा संच वसतिगृहामागच्या मोकळ्या जागेत उभा राहिला. टाकी फायबरची, हवाबंद झाकणाची आणि कामाला ५०० लिटर पाणी मावणारी आहे. तिच्यात पोकळ धाग्यांचे, चार चौरस मीटर क्षेत्रफळाचे अल्ट्राफिल्ट्रेशन मेम्ब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांची गाळणी, बुडवलेले आहे. तासाला दर चौरस मीटरमागे सहा लिटर पाणी ओढायचे, नऊ मिनिटे ओढून एक मिनिट विश्रांती द्यायची, असा क्रम ठरवला आहे. त्या हिशेबाने दिवसाला सुमारे ५२० लिटर पाणी गाळले जाईल आणि पाण्याचा टाकीतला मुक्काम साधारण तेवीस तासांचा होईल. धाग्यांवर गाळ बसू नये म्हणून टाकीच्या माथ्यावरचा बायोगॅसच डायफ्रॅम पंपाने खेचून मेम्ब्रेनच्या तळाशी बुडबुड्यांच्या रूपात सोडला जातो.

हा संच पुण्या-मुंबईत न बसवता येथे बसवण्याचे कारण थंडी हेच आहे. उन्हाळ्यात येथले सांडपाणी ३० अंशांच्या आसपास असते आणि जानेवारीत पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. घरगुती सांडपाण्यावरच्या विनॉक्सी प्रक्रियेची परीक्षा एकाच जागी, एकाच वर्षात घेण्यासाठी राज्यात यापेक्षा सोयीची जागा क्वचितच सापडेल. तापमापक तीन ठिकाणी बसवले आहेत : इक्वलायझेशन टाकीत (येणारे सांडपाणी आधी साठवून सारखे करण्याची टाकी), मुख्य टाकीच्या मध्यावर आणि बाहेर सावलीत. याखेरीज एक उघडे पिंप साध्या पाण्याने भरून शेजारी ठेवले आहे. आमच्या उपाययोजनांमुळे तापमान किती बदलले आणि हवेमुळे किती, हे पुढे वेगळे काढायचे झाल्यास या पिंपाचा उपयोग होईल.

सुरुवातीचे जीवाणू पुरवणाऱ्या बीजगाळासाठी एका मद्यार्क कारखान्याच्या स्पेंटवॉश डायजेस्टरमधला, म्हणजे तिथले सांडपाणी पचवणाऱ्या टाकीतला, गाळ आणला. त्याला सुमारे ३७ अंशांची आणि अतिशय तीव्र सांडपाण्याची सवय आहे, त्यामुळे तो आपल्या पातळ पाण्यात लगेच रमेल अशी अपेक्षा नाही. त्याच्या जोडीला जवळच्या गोबरगॅसची स्लरीही घातली.

२३ ऑक्टोबर

गोबर स्लरीचा निर्णय महागात पडला. तिच्यातल्या चाऱ्याच्या काड्या आणि वसतिगृहातून आलेले लांब केस यांची मिळून दोरी वळली गेली आणि धाग्यांच्या जुडग्याला वरच्या टोकाशी पक्की गुंडाळली गेली. मॉड्यूल बाहेर काढून हाताने केस सोडवण्यात पूर्ण दिवस गेला आणि या उचलाठेवीत टाकीत हवा शिरली ती वेगळीच. आता इक्वलायझेशन टाकीच्या तोंडाशी एक मिलिमीटर छिद्रांची जाळी बसवली आहे. ती रोज सकाळी धुवावी लागते, पण तिला पर्याय नाही. ज्यांना पोकळ धाग्यांचे मेम्ब्रेन वापरायचे आहे त्यांनी गोबर स्लरी वापरूच नये, आणि वापरायचीच असेल तर आधी कापडातून गाळून घ्यावी.

गॅस मीटर काही दिवस जवळजवळ हलतच नव्हता. जीवाणू अजून रुळले नाहीत असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. साबणाचे पाणी लावून पाहिल्यावर झाकणाच्या रबरी पट्टीतून आणि केबलच्या भोकातून बुडबुडे निघाले. सिलिकॉन लावल्यावर त्याच दिवशी आकडा वाढला. गॅस कमी दिसला की जीवशास्त्राकडे वळण्याआधी साबणाचे पाणी घ्यावे.

११ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे होते. साठवलेले पाणी पुरवून पुरवून वापरले. या काळातल्या आकड्यांना अर्थ नसल्याने ते येथे देत नाही.

३० नोव्हेंबर

आता पुढच्या सगळ्या तुलनेसाठी आधाररेषा मिळाली. टाकीचे तापमान २५ अंश आहे. येणाऱ्या पाण्याचा सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप, ती पूर्ण जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या रूपात) लिटरमागे सरासरी ४७० मिलिग्रॅम आणि गाळलेल्या पाण्याचा ४२ आहे. मेम्ब्रेनच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक, म्हणजे टीएमपी, ६२ मिलिबार भरतो. गॅस दिवसाला ६८ लिटर निघतो व त्यात ७४ टक्के मिथेन आहे. टाकीतल्या गाळाचे प्रमाण लिटरमागे नऊ ग्रॅम असून वाष्पशील आम्ले (मिथेन होण्याआधीच्या मधल्या टप्प्यात तयार होणारी) नगण्य आहेत. पाणी नळाच्या पाण्याइतके स्वच्छ दिसते. अमोनिया आणि फॉस्फेट मात्र जसेच्या तसे बाहेर येतात, कारण ही प्रक्रिया त्यांना हात लावत नाही. बागेला हे पाणी द्यायचे असल्याने आम्हाला ते चालण्यासारखे आहे.

विजेचा हिशेबही येथेच मांडून ठेवतो. गॅस फिरवणारा पंप १२० वॉटचा असून चोवीस तास चालतो, म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन युनिट. त्या बदल्यात मिळणाऱ्या मिथेनमधली सगळी उष्णता धरली तरी ती अर्ध्या युनिटच्या आसपास भरते. इतक्या लहान संचात हे प्रमाण असेच राहणार. मोठ्या संचात गॅस थांबून थांबून सोडला आणि पंप कामाच्या मापाचा घेतला तर ते पुष्कळ सुधारते, पण ‘हा प्रकल्प स्वतःची वीज स्वतः तयार करतो’ असे फलकावर लिहिण्याची सूचना आम्ही नाकारली.

१८ डिसेंबर

पारा उतरला आणि पहिला गोंधळ मेम्ब्रेनमध्ये झाला. टाकी १९.५ अंशांवर आली, टीएमपी ७८ झाला आणि मेम्ब्रेन तुंबू लागले असे समजून आम्ही ते धुवायला काढले. वेगळ्या पिंपात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात रात्रभर बुडवून ठेवले. परत बसवल्यावर टीएमपी ७१ वर आला आणि तेथेच अडला. क्षार बसले असतील म्हणून सायट्रिक आम्लाने दुसरी धुलाई केली, तरी आकडा ७१ च राहिला. मॉड्यूल खराब निघाले अशी तक्रार पुरवठादाराकडे करण्याच्या बेतात असताना पाण्याच्या चिकटपणाचा तक्ता काढून पाहिला.

पाण्याची श्यानता २५ अंशांना ०.८९ मिलिपास्कल-सेकंद असते आणि १९.५ अंशांना साधारण १.०२. म्हणजे मेम्ब्रेन नवेकोरे असले तरी तेवढेच पाणी त्यातून ओढायला सुमारे १४ टक्के अधिक दाब लागणार. ६२ ला १४ टक्क्यांची जोड दिली की ७१ येतात. थोडक्यात, पहिल्या धुलाईनंतरच मेम्ब्रेन पूर्ण स्वच्छ झाले होते. खरी तुंबण फक्त सात मिलिबारची होती आणि तेवढ्यासाठी मॉड्यूल बाहेर काढण्याची गरज नव्हती. दुसऱ्या धुलाईचा खर्च रसायनांत फार नव्हता, पण तिच्यापायी संच पुन्हा बंद राहिला आणि टाकीत पुन्हा हवा गेली.

यापुढे नोंदवहीत टीएमपीचे दोन रकाने आहेत : मोजलेला आणि २५ अंशांना आणलेला. मोजलेल्या आकड्याला २५ अंशांच्या श्यानतेने गुणून त्या दिवसाच्या श्यानतेने भागायचे, एवढेच करायचे असते. धुवायचे की नाही हे केवळ दुसऱ्या रकान्यावरून ठरवायचे. ३० अंशांवरून १५ अंशांवर येताना हा फरक चाळीस टक्क्यांच्या वर जातो. उन्हाळ्यात सुरू केलेल्या संचाला हिवाळ्यात ‘मेम्ब्रेन गेले’ असा शेरा मिळत असेल, तर त्यातला काही वाटा निव्वळ थंड पाण्याचा असण्याची शक्यता मोठी आहे.

२ जानेवारी २०२५

टाकी १८ अंशांवर आहे. गॅस ६८ लिटरवरून ३१ वर आला आहे आणि तरीही गाळलेल्या पाण्याचा सीओडी केवळ ५८ आहे. समितीच्या बैठकीत ही दोन वाक्ये एकापाठोपाठ वाचली, तेव्हा ‘पाणी साफ होते आहे ना, मग गॅसचे काय एवढे’ असा प्रश्न आला. प्रश्न रास्त होता आणि उत्तर शोधण्यासाठी सीओडीचा जमाखर्च मांडावा लागला.

एक ग्रॅम सीओडी पूर्णपणे मिथेनमध्ये बदलला तर प्रमाण दाब-तापमानाला ०.३५ लिटर मिथेन मिळतो. आमच्याकडे रोज सुमारे २४४ ग्रॅम सीओडी येतो. मीटरवर दिसलेल्या मिथेनचा हिशेब ६५ ग्रॅमांचा लागतो आणि गाळलेल्या पाण्यातून ३० ग्रॅम जातो. उरलेल्या दीडशे ग्रॅमांचे काय झाले, हाच प्रश्न होता.

त्यातला पहिला वाटा पाण्यात विरघळून गेलेल्या मिथेनचा निघाला. वायू थंड पाण्यात अधिक विरघळतो. शुद्ध मिथेन एका वातावरणाच्या दाबाखाली ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ मिलिग्रॅम मावतो, तर १५ अंशांच्या पाण्यात सुमारे २६. तीव्र सांडपाण्यात हा तोटा कोणी मोजतही नाही, कारण तेथे लिटरमागे गॅसच पुष्कळ तयार होतो. घरगुती पाणी पातळ असल्याने येथे तोच तोटा डोळ्यांत भरतो. गाळलेले पाणी बाटलीत वरपर्यंत न भरता, बाटली हवाबंद करून, हलवून तिच्या माथ्यावरचा वायू तपासायला दिला. प्रयोगशाळेने दर नमुन्याला १,२०० रुपये घेतले आणि उत्तर लिटरमागे २५ मिलिग्रॅम आले. आमच्या बायोगॅसमधल्या मिथेनच्या प्रमाणावरून १९ च्या आसपास अपेक्षा होती, म्हणजे पाणी अतिसंपृक्त आहे, मावायला हवा त्याहून अधिक मिथेन त्यात आहे. एक मिलिग्रॅम मिथेन म्हणजे चार मिलिग्रॅम सीओडी, त्यामुळे लिटरमागे शंभर आणि दिवसाला बावन्न ग्रॅम सीओडी याच वाटेने जातो आहे. तयार झालेल्या मिथेनपैकी जवळजवळ निम्मा भाग गॅसच्या नळीतून न जाता पाण्याच्या नळीतून बाहेर पडतो. सीओडीच्या नेहमीच्या चाचणीत हा मिथेन पकडला जात नाही, कारण नमुना उघडा हाताळताना आणि तापवताना तो उडून जातो. गाळलेल्या पाण्याचा आकडा म्हणूनच इतका देखणा दिसतो.

हा केवळ गॅसचा तोटा नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरतात. साठवण टाकीत पाणी पडले की तो हवेत जातो आणि नेहमीच्या प्रक्रियेतले हवाभरण टाळून वाचवलेल्या विजेचे पुण्य तेथेच खर्च होते.

तरीही सुमारे शंभर ग्रॅम उरतात. त्यातला थोडा सल्फेटवर जगणाऱ्या जीवाणूंनी खाल्ला असणार, कारण कूपनलिकेचे पाणी वापरात असल्याने हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो. बाकीचा टाकीतच बसला आहे.

९ जानेवारी

टाकी तापवावी, अशी सूचना आता जवळजवळ प्रत्येक पाहुणा करतो, म्हणून हिशेब एकदाच लिहून भिंतीवर लावला आहे. एक घनमीटर पाणी एका अंशाने तापवायला ४.१८ मेगाजूल लागतात. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम सीओडी असलेल्या पाण्यातला सगळाच्या सगळा सीओडी मिथेन झाला आणि तो सगळा जाळला, तरी घनमीटरमागे सव्वासहा मेगाजूल मिळतात, म्हणजे तेवढ्यात पाणी दीड अंशाने तापेल. आम्हाला आठ अंश हवे आहेत. आमच्या प्रवाहाला त्यासाठी रोज ४.८ युनिट लागतील, आणि आजच्या गॅसमध्ये पाव युनिटसुद्धा नाही. गोबरगॅस किंवा स्पेंटवॉशच्या बाबतीत डायजेस्टर तापवणे परवडते, कारण तेथे लिटरमागे अन्न कित्येक पटींनी अधिक असते. घरगुती सांडपाणी ज्या तापमानाला येईल त्याच तापमानाला हाताळावे लागते.

हे अशक्य नाही याचे दाखले आहेत. दक्षिण कोरियातील बुचॉन येथे अशाच प्रकारचा प्रायोगिक संच ८ ते ३० अंशांच्या दरम्यान चालवला गेला. तेथे मेम्ब्रेन घासण्यासाठी गॅसऐवजी पाण्याबरोबर फिरणारे सक्रिय कोळशाचे कण वापरले होते, त्यामुळे विजेची बचत झाली. आपल्याकडे १९८९ मध्ये कानपूरच्या जाजमऊला दिवसाला पाच दशलक्ष लिटरचा यूएएसबी संच (गाळाच्या थरातून सांडपाणी खालून वर सोडणारा विनॉक्सी संच) सुरू झाला आणि पुढे गंगेच्या काठी त्याचे अनुकरण झाले. यूएएसबीमध्ये मेम्ब्रेन नसल्याने थंडीत न पचलेले घनपदार्थ पाण्याबरोबर निघून जाण्याची वाट मोकळी असते. मेम्ब्रेन ती वाट बंद करते. आम्ही हा फायदा समजून चाललो होतो, पण पुढच्या नोंदीत त्याची दुसरी बाजू आहे.

१६ जानेवारी

टाकी १६.५ अंशांवर आहे आणि बाहेर पहाटे आमच्या तापमापकाने आठ अंश दाखवले. मोजलेला टीएमपी १६५ आहे, २५ अंशांना आणून १३४. श्यानतेने समजावता येण्यासारखी ही वाढ नाही. टाकीतल्या गाळाचे प्रमाण नऊ ग्रॅमवरून १५ ग्रॅमवर गेले आहे.

याचे कारण आमच्याच धोरणात आहे. थंडीत जीवाणूंची वाढ मंदावते, म्हणून त्यांना धुऊन जाऊ न देता गाळाचे वय, म्हणजे गाळ टाकीत राहण्याचा सरासरी काळ, वाढवावे, असे सर्वत्र सांगितले जाते आणि ते बरोबरही आहे. त्यानुसार डिसेंबरच्या सुरुवातीला गाळ काढणे आम्ही पूर्ण थांबवले. परंतु थंडीत सर्वांत आधी मंदावते ते घनपदार्थांचे विरघळणे, म्हणजे जलविघटन. अन्नकण, कागदाचे तंतू, विष्ठेतले घन भाग हे आधी फुटून विरघळल्याखेरीज पुढच्या जीवाणूंच्या तोंडी लागत नाहीत. १७ अंशांना ते फुटतच नव्हते आणि मेम्ब्रेनमधून जाऊ शकत नव्हते. साठलेला गाळ जीवाणूंचा असेल असे वाटले होते, प्रत्यक्षात तो बऱ्याच अंशी न शिजलेल्या अन्नासारखा पडून होता. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू आणि भाजीचे अवशेष ओळखू येत होते.

याच्या जोडीला खानावळीचे तेल आले. वनस्पती तूप आणि पामतेल थंडीत गोठते. पृष्ठभागावर पांढरट थर जमला होता आणि धाग्यांच्या वरच्या टोकाला बोटाने खरवडून निघेल असा मेणासारखा लेप होता. रविवारी पुऱ्या असतात आणि सोमवारी टीएमपी उसळतो, हा संबंध खानावळीच्या मावशींनीच लक्षात आणून दिला. ग्रीस ट्रॅप, म्हणजे पाण्यातले तेल अडवणारी पेटी, आठवड्याऐवजी दर दोन दिवसांनी साफ करण्याचे त्यांनी मान्य केले.

करायचे उपाय असे ठरले. फ्लक्स, म्हणजे तासाला दर चौरस मीटरमागे ओढायचे पाणी, सहा लिटरवरून चारवर आणायचा. त्यामुळे रोजचे पाणी साडेतीनशे लिटर होईल, मुक्काम चौतीस तासांचा होईल आणि उरलेले पाणी जुन्या सेप्टिक टाकीकडे वळवावे लागेल. गाळ रोज दहा लिटर काढायचा, पण मध्यावरून न काढता तळातून, म्हणजे जड आणि न पचलेला भाग आधी जाईल. (नंतरची भर : टीएमपी काही दिवसांत ८५ वर उतरला.) गाळाचे वय त्यामुळे पन्नास दिवसांवर आले, पुस्तकातल्या सल्ल्यापेक्षा बरेच कमी. मात्र वय वाढवून मेम्ब्रेनच चालत नसेल तर त्या वयाचा उपयोग नाही. ज्यांच्याकडे मेम्ब्रेनचे क्षेत्रफळ हिवाळ्यासाठी दीडपट धरलेले असेल त्यांना ही तडजोड करावी लागणार नाही. आम्ही क्षेत्रफळ नोव्हेंबरच्या तापमानावर काढले होते.

गॅस पंपही याच आठवड्यात बंद पडला. उबदार टाकीतून निघालेला ओला गॅस उघड्या नळीत थंड होऊन त्याचे पाणी पंपाच्या डायफ्रॅममध्ये साचत होते. नवा डायफ्रॅम संच २,२०० रुपयांना पडला. नळीच्या सर्वांत खालच्या बिंदूला पाणी काढण्याचा सापळा बसवला, तो सुरुवातीलाच बसवायला हवा होता आणि त्याची किंमत दोनशे रुपयांपेक्षा अधिक नाही.

२९ जानेवारी

तापवणे शक्य नसले तरी असलेली ऊब जपणे शक्य आहे, या विचाराने दोन गोष्टी केल्या.

पहिली म्हणजे वेष्टन. मुख्य टाकी, गॅसची नळी आणि इक्वलायझेशन टाकीपासूनची पाण्याची नळी यांना ग्लासवूल आणि वरून ताडपत्री गुंडाळली. साहित्य व मजुरी मिळून ३,८०० रुपये लागले. आधी टाकी एका रात्रीत अडीच अंश गमावत असे, आता एक अंश गमावते.

दुसरी गोष्ट अधिक उपयोगी ठरली आणि तिला जवळजवळ खर्च आला नाही. वसतिगृहाच्या छतावर सौर बंब आहेत. सकाळी सात ते अकराच्या दरम्यान अंघोळीचे पाणी चेंबरमध्ये येते तेव्हा ते २६-२७ अंशांचे असते, रात्री तेथेच १९ अंश असतात. आजवर आम्ही दिवसभराचे पाणी सारखेच घेत होतो. आता सकाळचे पाणी झडप उघडून जमिनीखालच्या इक्वलायझेशन टाकीत भरून घेतो, आणि रात्रीचे थंड पाणी परस्पर सेप्टिक टाकीकडे जाते. टाकी जमिनीखाली असल्याने सकाळचे पाणी दिवसभरात फारसे निवत नाही. टाकी २० अंशांवर आली. त्याच काळात शेजारचे उघडे पिंप १४.५ वरून १५.५ वर गेले, त्यामुळे साडेतीन अंशांपैकी एक अंश हवेचा आणि बाकीचे आमचे, असे मानायला हरकत नाही.

यात एक अडचण आहे. अंघोळीचे पाणी पातळ असते आणि सीओडी तीनशेवर घसरला. खानावळीचे पाणी, ग्रीस ट्रॅपमधून गेल्यावर, त्यात मिसळायला सुरुवात केल्यानंतर तो चारशेच्या वर आला. दुपारी भांडी घासण्याच्या वेळचे पाणीही बऱ्यापैकी कोमट असते. मोठ्या वसाहतीत असा निवडीचा पर्याय मिळणार नाही हे मान्य आहे, परंतु जमिनीखालची इक्वलायझेशन टाकी आणि झाकलेल्या नळ्या एवढे तरी कोणालाही जमण्यासारखे आहे.

१५ फेब्रुवारी

विरघळलेल्या मिथेनसाठी स्पंजचा मनोरा करून पाहिला. हरियाणातल्या करनालला यूएएसबीनंतरचे पाणी लटकत्या स्पंजांवरून खाली सोडण्याचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला होता, त्यावरून ही कल्पना घेतली. दोन मीटरच्या पीव्हीसी नळीत स्पंजाचे तुकडे रचून त्यावरून गाळलेले पाणी थेंबथेंब सोडले. खाली जमलेल्या पाण्यात मिथेन लिटरमागे सहा मिलिग्रॅमच राहिला, सल्फाइडचा वास गेला आणि सहकारी खूश झाले. मी तितका खूश नाही. नळी दोन्ही बाजूंनी उघडी आहे, त्यामुळे मिथेन जीवाणूंनी खाल्ला की नुसता हवेत उडाला, हे या आकड्यावरून सांगता येत नाही, आणि पहिल्याच पंधरवड्यात मिथेनभक्षक जीवाणू एवढे वाढले असतील असे मानणे धाडसाचे आहे. नळी बंद करून, मोजकी हवा सोडून, वरून निघणारा वायूही तपासावा लागेल. तोपर्यंत हा मनोरा वासाचा उपाय म्हणूनच धरावा.

१२ मार्च

हिवाळ्यातला सर्वांत वाईट दिवस कोणता, असे जानेवारीत विचारले असते तर १६ जानेवारी असे उत्तर दिले असते. गाळलेल्या पाण्याच्या दृष्टीने तो दिवस बरा होता असे आता म्हणावे लागते.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून ऊन तापू लागले आणि टाकी २० वरून २६ अंशांवर गेली. फ्लक्स पुन्हा सहा केला होता. गॅस वाढू लागला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. मग तो ११० लिटरवर गेला, नोव्हेंबरच्या कितीतरी वर. आत येणाऱ्या सीओडीतून एवढा गॅस निघूच शकत नाही हे गणित सोपे आहे, म्हणजे टाकी स्वतःचा साठा खात होती. जानेवारीत न फुटलेले घनपदार्थ एकाच वेळी फुटू लागले. त्यांतून निघालेली वाष्पशील आम्ले मिथेन करणाऱ्या जीवाणूंच्या आवाक्याबाहेर गेली, कारण आम्ले तयार करणारे जीवाणू ऊब मिळताच झपाट्याने वाढतात आणि मिथेनवाले मागे राहतात. आम्ले ५० वरून १४० मिलिग्रॅमवर गेली. विरघळलेल्या आम्लाला मेम्ब्रेन अडवू शकत नाही. गाळलेल्या पाण्याचा सीओडी १८५ झाला, पाणी तसेच काचेसारखे नितळ. महानगरांबाहेरच्या सांडपाणी प्रकल्पांसाठी २०१७ च्या अधिसूचनेत बीओडीची (जीवाणूंना पचू शकणाऱ्या घाणीच्या मापाची) मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम आहे. आमचा बीओडी त्या आठवड्यात तिच्या तिपटीहून अधिक होता. डोळ्यांनी पाहून कोणालाही शंका आली नसती.

फेसही आला. होळीच्या आदल्या आठवड्यात तो गॅसच्या नळीत चढून पाणसापळ्यातून बाहेर पडला, गॅस काही तास मोकळा सुटत राहिला. मिथेन हवेत पाच ते पंधरा टक्के मिसळला तर पेट घेऊ शकतो, म्हणून सुरक्षा रक्षकांना आवाराच्या त्या कोपऱ्यात होळीची लाकडे रचू न देण्याची लेखी सूचना दिली आणि पाणसापळ्याचे तोंड वाऱ्याच्या बाजूला, माणसाच्या उंचीच्या वर नेले.

उपाय म्हणून पाणी घेणे निम्म्यावर आणले. टाकीत अन्न पुरेसे असताना आणखी वाढणे बंद करायचे, एवढेच तत्त्व. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसण्याची ताकद) लिटरमागे ४८० मिलिग्रॅम होती आणि आम्लांचे तिच्याशी गुणोत्तर ०.३ च्या आसपास गेले होते, त्यामुळे खाण्याचा सोडा तयार ठेवला, पण घालावा लागला नाही. आठवडाभरात आम्ले ६० वर आली.

माझ्या मते या प्रक्रियेत थंडीचा त्रास तापमान सर्वांत खाली असताना दिसत नाही, तो साठत जातो, आणि मेम्ब्रेन तो दडवून ठेवते. यूएएसबीमध्ये गढूळ पाणी बाहेर पडून जानेवारीतच ओरड झाली असती. येथे नुसत्या बाहेरच्या पाण्यावर नजर ठेवणाऱ्याला मार्चपर्यंत काहीच कळले नसते. आतल्या गाळाचे प्रमाण, आम्ले आणि सीओडीचा जमाखर्च हे तीन आकडे आठवड्याला काढले तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच कळते. आम्ही तो जमाखर्च मांडलाही होता. टाकीत उरलेल्या शंभर ग्रॅमांचे पुढे काय होणार, हे मात्र त्या दिवशी कोणी विचारले नाही.

९ एप्रिल

टाकी ३० अंशांवर. गॅस ७४ लिटर, गाळलेल्या पाण्याचा सीओडी ३८, गाळाचे प्रमाण दहा ग्रॅम. मोजलेला टीएमपी ६४, २५ अंशांना आणून ७१. येथे दुरुस्तीचा आकडा मोजलेल्यापेक्षा मोठा येतो, आणि नोव्हेंबरच्या ६२ च्या तुलनेत नऊ मिलिबार चढलेलेच आहेत हे त्यावरूनच दिसते. नुसता मोजलेला आकडा पाहिला असता तर मेम्ब्रेन जवळजवळ नव्यासारखे वाटले असते. पावसाळ्याआधी सायट्रिक आम्लाची धुलाई करून त्यातले किती परत मिळते ते पाहायचे आहे.

पुढच्या हिवाळ्यासाठी आणखी दोन चौरस मीटरचे मॉड्यूल मागवले आहे, म्हणजे चारच्या फ्लक्सनेही सगळे पाणी घेता येईल. वेष्टन नोव्हेंबरआधी तपासायचे, कारण ताडपत्रीखाली उंदरांनी ग्लासवूल दोन जागी पोखरली आहे. तळातला गाळ डिसेंबरपासूनच रोज थोडा काढायचा आणि टाकी वीस अंशांवर चढू लागली की, आम्ले वाढण्याची वाट न पाहता, पाणी निम्मे करायचे. स्पंजच्या बंद मनोऱ्यासाठी वायूचे नमुने घेण्याची तोटी लेथवाल्याकडे करायला दिली आहे. त्याने दोन आठवडे सांगितले आहेत.